कूलर चालू आहे, पण हवा गार नाही: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं. यांपैकी तुमची तक्रार कोणती आहे ते नीट ठरवा, कारण पुढे कुठे हात घालायचा हे त्यावरच ठरतं.

- पंखा जोरात, हवा भरपूर, पण बाहेरच्या झळांइतकीच गरम.
- पहिला अर्धा तास छान, मग खोली दमट, अंग चिकट, चादर ओलसर.
- एक ताटी (कूलरच्या बाजूचा, पाण्याने भिजणारा पडदा) गच्च ओली, दुसरी अर्धी कोरडी.
- पलंगावर पाण्याचे शिंतोडे.
- कुबट किंवा मासळीसारखा वास.
- सकाळी भरलेली टाकी संध्याकाळी जवळपास तेवढीच.
- मोटर घुमते (नुसता घूं-घूं आवाज येतो) पण पंखा फिरत नाही.
- कूलरला हात लागला की झिणझिण्या येतात.

शेवटच्या दोनपैकी काही असेल तर कूलरला हात न लावता भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग ओढून काढा आणि थेट या लेखाच्या शेवटच्या भागाकडे जा. मधलं काहीही करून पाहू नका.

मी नागपूरचा. शाळेत विज्ञान शिकवत होतो. गेले अठरा उन्हाळे आमच्या घरचे, मेहुणीकडचे आणि कॉलनीतले कूलर उघडतो आहे. एप्रिलमध्ये कूलर धुऊन खिडकीत लागले की नवतपा (मेअखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस) संपेपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: "सर, हवा तं लई फेकते, पण गार नाही लागत." बहुतेक घरांत लोक तोवर नवी मोटर घेऊन बसलेले असतात. रोग हल्याला आणि औषध पखालीला, असं ते होतं. मोटर चांगली असते, दुखणं दुसरीकडेच असतं.

ते दुखणं सापडायला एक गोष्ट मनात पक्की हवी. कूलर गार पाण्याने हवा गार करत नाही. तो पाणी *संपवून* हवा गार करतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ताटीतून जाणारी गरम कोरडी हवाच ती उष्णता देते. दिली की ती स्वतः थंड होते. ही उष्णता थोडीथोडकी नाही. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ८० किलोकॅलरी लागतात. तेच पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या तापमानाला नुसतं वाफ होऊन उडायला सुमारे ५८० किलोकॅलरी घेतं, म्हणजे सातपटीहून जास्त. माठाला पाझर असतो म्हणून त्यातलं पाणी गार होतं, घाम वाळताना अंगाला बरं वाटतं, आणि पखालीतलं पाणी भर उन्हात गार राहायचं, ते याच हिशेबाने.

म्हणून टाकीत बर्फ टाकणं थांबवा. पाच किलो बर्फ वितळून त्याचं पाणी कोमट होईपर्यंत जेवढी उष्णता ओढतो, तेवढी एक लिटरहूनही कमी पाणी वाफ होताना ओढतं. चांगला चालणारा कूलर तेवढं पाणी पाच-सहा मिनिटांत उडवतो. गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी चटका लागण्याइतकं गरम असलं तरी घाबरू नका. दहा-पंधरा मिनिटं ताटीवरून फिरलं की ते आपोआप गार होतं. फक्त पंखा लावण्याआधी दहा मिनिटं नुसता पंप चालू ठेवा, म्हणजे सुरुवातीचा गरम, धुळीचा झोत अंगावर येणार नाही.

टाकीवर खूण करा

पहिली तपासणी फुकट आहे आणि निम्मं निदान तिथेच होतं. टाकी भरा, नळाची चावी बंद करा (फ्लोट लावलेला असेल तर हे विसरू नका, नाहीतर पाणी भरत राहील), पाण्याच्या पातळीवर मार्करने रेघ ओढा आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास एक तास पंप-पंखा पूर्ण चालवा. मग प्लग काढून पातळी किती उतरली ते पट्टीने मोजा.

६० सेंटीमीटर लांब-रुंद टाकीत पाणी एक सेंटीमीटर उतरलं तर ३.६ लिटर गेलं. आमच्याकडच्या मेच्या कोरड्या दुपारी मोठा खिडकीचा कूलर तासाला दहा लिटरच्या पुढे पाणी सहज उडवतो, म्हणजे तीन सेंटीमीटर किंवा अधिक. तेवढं उतरत असेल आणि खाली फरशी कोरडी असेल, तर कूलर आपलं काम करतो आहे. दोष खोलीत आहे. उतरत नसेल तर दोष कूलरमध्ये किंवा बाहेरच्या हवेत, नाहीतर खोली बंद असल्याने ओली हवा अडकली आहे. पाणी उतरतं पण खाली ओघळ दिसतो, तर आधी गळती बंद करा. गळून गेलेल्या पाण्याने गारवा येत नाही.

दहा लिटर पाणी तासाला वाफ होणं म्हणजे उष्णता ओढण्याच्या हिशेबात जवळपास दोन टनांच्या एसीइतकं काम. त्यातलं बरंचसं बाहेरून येणारी तापलेली हवा थंड करण्यातच खर्च होतं, म्हणून खोली एसीसारखी गारठत नाही. पण दोन-तीन बल्बांच्या विजेत एवढं काम करणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही, आणि म्हणूनच ते नीट चालावं असं मला मनापासून वाटतं.

खिडकी उघडी आहे का?

"पहिला अर्धा तास छान, मग चिकट" ही तक्रार असेल तर जवळजवळ नक्की हेच कारण. एसीची सवय झालेली मंडळी कूलर लावून दारं-खिडक्या घट्ट लावून घेतात. हे उलट आहे.

१० बाय १२ ची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर हवा. मोठा कूलर तासाला २,५०० घनमीटर हवा टाकत असेल, तर मिनिटाच्या आत अख्ख्या खोलीएवढी ओलसर हवा आत येते. तिला जायला वाट नसेल तर दोनपैकी एक होतं. कूलर खिडकीबाहेर असेल तर हवा आत यायचीच कमी होते. कूलर खोलीच्या आत असेल तर तीच ओली हवा पुन्हा ताटीतून फिरते, आणि ओल्या हवेत पाणी उडत नाही. मग घामही वाळत नाही, म्हणून तापमान कमी असूनही जीव कासावीस होतो.

कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडा. निदान कूलरच्या तोंडाएवढी जागा मोकळी हवी. त्या फटीपाशी कागदाचा तुकडा धरा. तो बाहेरच्या दिशेने फडफडला पाहिजे. शेजारच्या काकूंचा कूलर तीन वर्षं "खराब" होता. मी फक्त स्वयंपाकघराचा दरवाजा उघडून तिथला एक्झॉस्ट लावला. आत बसलेल्या आजी दहा मिनिटांत म्हणाल्या, "आता झोप येईल."

कूलर खोलीच्या मध्यभागी ठेवला असेल तर तो खिडकीत न्या. त्याच्या पाठीला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे. पश्चिमेचं ऊन थेट अंगावर येत असेल तर वरून हिरवी जाळी किंवा ताडपत्रीची सावली करा, पण ताट्यांपासून हातभर दूर. ताटी झाकली तर हवाच बंद.

हवेचा दोष की कूलरचा?

काही दिवशी कूलरची काहीच चूक नसते, आणि ते ओळखण्याची सोपी रीत आहे. काचेचा साधा थर्मामीटर घ्या, तापाचा नको. बाहेर सावलीत तापमान बघा. मग त्याच्या टोकाला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळून टेबलफॅनसमोर चार मिनिटं धरा आणि पुन्हा बघा. दुसरा आकडा म्हणजे त्या दिवशीच्या हवेत पाणी उडवून जास्तीत जास्त कुठवर थंड होता येईल ती तळरेषा. ताट्यांचा कुठलाही घरगुती कूलर त्याखाली जाऊ शकत नाही, कितीही महाग घ्या.

बाहेर ४४ अंश आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या चिंधीचा आकडा साधारण २३ येतो. फरक २१ अंशांचा. चांगल्या ताट्यांचा कूलर त्या फरकाच्या तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के उतरवतो, म्हणजे तोंडाशी २७-२८ अंशांची हवा. तीच परीक्षा जूनअखेर पाऊस लागल्यावर करा: बाहेर ३३ अंश, आर्द्रता ७५ टक्के, ओली चिंधी २९. फरक जेमतेम चार अंशांचा. कूलर तीन अंश उतरवेल आणि वर दमटपणा वाढवेल. फरक पाच-सहा अंशांच्या आत आला की पंप बंद करा, नुसता पंखा चालवा. दुरुस्तीवर एक रुपयाही घालू नका.

माझा मावसभाऊ ठाण्याला राहतो. आमच्याकडे मेमध्ये राहून गेला, आणि परत गेल्यावर तसाच कूलर घेतला. मग मला फोन, की बिघडलेला माल मिळाला. माल चांगला होता. मुंबई-ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे उन्हाळ्यातही हवा समुद्राच्या ओलीने भरलेली असते. तिला आणखी पाणी घ्यायला जागाच कमी. नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव इथला कूलरचा अनुभव कोकणपट्टीत लागू होत नाही.

पाणी ताटीवर पोचतं का?

इथून पुढे कूलर उघडायचा आहे. प्रत्येक वेळी प्लग *काढायचा*, नुसतं बटण बंद करायचं नाही. बऱ्याच जुन्या घरांत बटण चुकून न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवर बसवलेलं असतं. अशा वेळी बटण बंद असूनही आतल्या तारांत वीज असते. पाणी भरतानाही हाच नियम, आणि पायात कोरडी चप्पल. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलंही जातात. या वाक्यात मी कणभरही वाढवून सांगत नाही.

पंप चालू असताना ताटीवरच्या पन्हळीतून पाणी सगळ्या लांबीभर पाझरताना लांबूनच बघा. पाणीच येत नसेल तर प्लग काढून पंप बाहेर घ्या. तळाची जाळी काढा. तिथे ताटीचा भुसा, शेवाळ, प्लास्टिकचा तुकडा अडकलेला असतो. आतला छोटा पंखा बोटाने फिरवून पाहा, क्षाराने जाम झाला असेल तर जुन्या टूथब्रशने साफ करा. पंप पाण्यात पूर्ण बुडलेला हवा. कोरडा चालला की तो जळतो, आणि रात्री टाकी रिकामी झाल्यावर नेमकं तेच होतं. जळलेला पंप दुरुस्त करत बसू नका. नवा काही शेकड्यांत मिळतो, आणि वेष्टण तडकलेला पंप अख्ख्या टाकीत करंट सोडू शकतो.

एक ताटी ओली आणि दुसरी कोरडी, तर त्या बाजूची भोकं बुजली आहेत किंवा कूलर तिरका आहे. भोकं सुईने मोकळी करा. स्टँडखाली विटेचा कपचा सरकवून कूलर पाण्याच्या पातळीशी समांतर करा. हे इतकं साधं आहे की लोक त्याकडे पाहतच नाहीत.

शिंतोडे उडत असतील तर उलट दोष: पाणी जास्त. पंपाच्या नळीवर चिमटा लावून धार कमी करा. ताटी ओली हवी, धो-धो वाहती नको. हवेला भिडतो तो ओल्या तंतूंचा पृष्ठभाग. त्यावरून वाहून जाणाऱ्या जादा पाण्याने गारवा वाढत नाही.

ताट्या

खरा पैसा इथे लावा. ज्यांना आपण गवताच्या म्हणतो त्या वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तंतूंच्या) ताट्या एका हंगामाच्या. त्या काळ्या पडतात म्हणून नव्हे, तर त्या खाली *बसतात* म्हणून. मेअखेर वरच्या बाजूला चार बोटं फट पडते. हवा आळशी असते, जिथे अडथळा कमी तिथून जाते. त्या चार बोटांच्या फटीतून कोरडी गरम हवा सरळ आत शिरते आणि बाकीच्या ताटीने केलेलं काम पुसून टाकते. दिवसा ताटीकडे आतून पाहा. उजेडाचा पट्टा दिसला तर तिथे गळती आहे. हंगामाच्या मध्यात नवी ताटी नको असेल तर त्या फटीत थोडं सुटं गवत भरा, पण दाबून नाही. फार घट्ट भरलेल्या ताटीतून पंखा हवा ओढू शकत नाही, आणि मग हवा गार पण अगदीच थोडी येते.

वाळ्याच्या ताट्यांचा वास मला अजूनही सगळ्यांत आवडतो. पहिलं पाणी पडलं की घरभर उन्हाळ्याच्या सुट्ट्या परत येतात. ज्यांना परवडतं त्यांनी निदान एक तरी ताटी वाळ्याची लावावी.

हनीकोम्ब (मधाच्या पोळ्यासारख्या भोकांचे) पॅड जाड कागदाचे असतात आणि नीट ठेवले तर काही हंगाम टिकतात. ते तारेच्या घासणीने घासू नका, कडा मोडतात आणि भोकं बंद होतात. पाण्याच्या मंद धारेने मागून पुढे धुवा.

क्षार

पाणी उडतं, त्यातला क्षार मागे राहतो. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार धरले आणि दिवसाला १०० लिटर पाणी उडालं, तर दिवसाला ५० ग्रॅम आणि महिन्याला दीड किलो क्षार तुमच्या ताट्यांवर आणि टाकीत जमतो. ताटीवर पांढरा, खरखरीत थर दिसतो तो हाच. त्या थराने तंतू पाणी शोषत नाहीत आणि हवेची वाटही अरुंद होते.

उपाय फुकट: तीन-चार दिवसांनी टाकीतलं उरलेलं पाणी पूर्ण सोडून द्या, नुसतं वरून भरत राहू नका. जमलेल्या थरासाठी कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून पॅड तासभर भिजवा, मग स्वच्छ धुवा. संडास धुण्याचं ॲसिड कधीही वापरू नका. लोखंड खातं, आणि त्याचा वायू पंखा तुमच्याच तोंडावर फेकतो.

टाकी रिकामी करण्याचं दुसरं कारण याहून मोठं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून कडा ब्रशने *घासा*. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पावसाळ्यात कूलर गुंडाळून ठेवतानाही एकदा घासूनच ठेवा. मासळीसारखा वासही या घासण्यानेच जातो. अत्तर आणि डांबरगोळ्या टाकीत टाकू नका, ते सगळं श्वासात येतं.

पंखा मंद वाटतो

पात्यांवर धुळीचा थर असेल तर पुसा. हाताने पंखा फिरवून पाहा: अडखळत असेल तर बुश (मोटरचा दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या) कोरडे आहेत, तेलाचे दोन थेंब. तरीही मंद असेल तर संध्याकाळऐवजी सकाळी लावून पाहा. सगळी कॉलनी एकदम कूलर लावते तेव्हा व्होल्टेज पडतं. सकाळी गती बरोबर असेल तर मोटरला हात लावू नका.

इथे थांबा, इलेक्ट्रिशियनला बोलवा

मोटर घुमते पण पंखा फिरत नाही: बहुधा कंडेन्सर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) गेला आहे. तो स्वस्त आहे, तरी स्वतः बदलू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

जळका वास, मोटरच्या तारांना काळपटपणा, दर वेळी एमसीबी पडणं: वायंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) किंवा तारेचं आवरण गेलं आहे. एमसीबी पुन्हा पुन्हा वर करून पाहू नका.

लोखंडी बॉडीला झिणझिण्या, अगदी हलक्यासुद्धा: कूलर त्या क्षणी बंद. ओल्या पायाने आज झिणझिण्या देणारा कूलर उद्या जीव घेऊ शकतो. हे पंपात पाणी शिरणं असेल, तारेचं कापलेलं आवरण असेल किंवा घराचं अर्थिंगच नसेल. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून सुरक्षित, असं समजू नका. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, तीन पिनांचाच प्लग लावा, तिसरी पिन कापलेली असेल तर आजच बदला, आणि कूलरच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्या. दुकानात तो आरसीसीबी म्हणून मिळतो. कोणाला शॉक लागलाच तर त्याला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करा.

फोन करताना नुसतं "कूलर गार करत नाही" म्हणू नका. तासाला पाणी किती उतरलं, ताट्या वरपर्यंत ओल्या आहेत का, समोरची खिडकी उघडी होती का, पंखा सकाळी आणि संध्याकाळी कसा फिरतो, एवढं सांगा. चांगला मिस्त्री तेवढ्यावरून पंप आणायचा की कंडेन्सर, हे घरातून निघतानाच ठरवतो आणि दुसरी फेरी वाचते.